जत्रेत गाळलेलं गाणं

बानू गेली हे मला न्हावऱ्याच्या स्टँडवर कळलं.

मी तेव्हा कोरेगाव भीमाला एका कंपनीत गेटवर वॉचमन होतो. दोन हजार चारचा मार्च महिना. सकाळी साडेनऊला केबिनमधला फोन वाजला. दौंडहून जावई बोलत होते. बानू आठ दिवसांपूर्वीच आमच्या मुलीकडे, हर्षदाकडे, दौंडला गेली होती.

"आप्पा, आईंना जरा बरं न्हाई. दवाखान्यात ठेवलंय. तुम्ही या."

"जरा म्हंजी किती?"

"तुम्ही या तर खरं."

सुपरवायझरला सांगून मी निघालो. तळेगाव ढमढेऱ्यावरून न्हावऱ्याची एसटी मिळाली. न्हावरे माझं गाव. तिथं उतरून दौंडची गाडी धरायची होती. सबंध रस्ता मी एवढाच विचार करत होतो, की दवाखान्यात तिला भाकरी कोण नेऊन देत असेल. तिला दवाखान्यातला पाव चालत नाही.

उतरलो तर आमच्या भावकीतले सोपानराव स्टँडवर उभे. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली.

मी म्हणालो, "दौंडची गाडी लागलीय का?"

"दौंडला नगं जाऊ, बिरदेव," सोपानराव म्हणाले. "इकडंच आणत्यात."

आजारी माणसाला दौंडच्या दवाखान्यातून न्हावऱ्याला कोणी आणत नाही. मी तिथंच उसाच्या रसाच्या गाड्याला धरून उभा राहिलो. गाडेवाल्यानं घुंगरं वाजायचं चाक थांबवलं.

दुपारी एकच्या सुमाराला जीप आली. बायका जमल्याच होत्या. आमच्याकडे बायका नुसत्या रडत नाहीत, बोलून रडतात. गेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य त्यात येतं. पार्वतीवहिनी माझ्या थोरल्या चुलतभावाची बायको. त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. त्यांनी बानूचं डोकं मांडीवर घेतलं आणि सुरू केलं.

"बाने गं, माझ्या आदी का गेलीस... तुझ्या हातचं हुलग्याचं माडगं आता कोण दील गं... किती हसवलंस गं आमाला... पिक्चरचं येड लागलं हुतं गं तुला... पडद्यावर दिसंन म्हणालीस, आमाला नटवून नेलंस, आन् दिसलीच न्हाईस गं बाई..."

रडता रडता दोघी-तिघी बायकांच्या तोंडावर हसू आलं. सगळ्यांना ती गोष्ट माहीत होती. बानू चांगली होती, कामाची होती, पण तिनं पिक्चरबद्दल एक मोठी थाप मारली होती, हे सगळ्या गावाला आठवत होतं.

मी भिंतीला टेकून उभा होतो. बानूनं थाप मारली नव्हती. खोटं मी बोललो होतो. तेवढ्या माणसांत हे फक्त मला माहीत होतं. तेव्हा मी काही बोललो नाही. मयताच्या वेळी कुठं बोलायचं, असं मनाशी म्हटलं. तसं मी प्रत्येक वेळी काहीतरी म्हणत आलोय.

आता जे झालं ते सांगतो.

वॉचमन होण्याआधी मी तंबूतल्या सिनेमात ऑपरेटर होतो. तेवीस वर्षं. पोपटरावांची टुरिंग टॉकीज होती. जत्रा कुठं ते बघून आम्ही जायचो. ट्रकच्या मागच्या बाजूला मशीन बसवलेलं, समोर तंबू, तंबूच्या टोकाला पडदा. मधोमध दोर बांधायचा. दोराच्या एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला बाप्ये. मशीनच्या उजेडासाठी कार्बनच्या दोन कांड्या जवळ आणून पेटवायच्या आणि अंतर सांभाळत राहायचं. एवढं काम मला येत होतं आणि चांगलं येत होतं.

जत्रेत एक रिवाज होता. एका रात्रीत तीन शो बसवायचे तर पिक्चर कमी करावा लागे. मग गाणी गाळायची. मालक सांगायचा, "वीस मिनिटं काढ," किंवा "पंचवीस काढ." काय काढायचं ते ऑपरेटर ठरवायचा. रीळ कापायचं, ब्लेडनं कड खरवडायची, सोल्युशन लावून जोड द्यायचा. काढलेला तुकडा डब्यात जपून ठेवायचा आणि प्रिंट परत करताना पुन्हा जिथल्या तिथं जोडायचा. लोकांना कळायचंही नाही.

दुसराही एक रिवाज होता, तो बघणाऱ्यांचा. बाईचं गाणं लागलं की बाप्यांच्या बाजूनं शिट्ट्या सुरू व्हायच्या आणि लोक पडद्यावर चिल्लर फेकायचे. कुणी नको ते बोलायचं. कुणी "पुन्हा लाव" म्हणून ओरडायचं आणि मी रीळ मागं घेऊन पुन्हा लावायचो. सकाळी पडद्याखालची चिल्लर आम्ही गोळा करायचो आणि त्याचा चहा प्यायचो. तेवीस वर्षं मी तो चहा प्यालो. पडद्यावरची बाई कुणाची तरी बायको असेल, असं कधी मनात आलं नाही.

बानूचं माहेर केंदूर. एक्क्याण्णव साली दिवाळीनंतर ती माहेरी गेली होती, तेव्हा केंदूरच्या माळावर पिक्चरवाले आले. जुन्या संगीत नाटकासारखा पिक्चर होता. राजा, प्रधान, मेंढपाळाची मुलगी, आणि कुणीच साधं बोलायचं नाही. भांडण गाण्यात, मागणी गाण्यात, मरताना पण गाणं. त्यांना मेंढरं पाहिजे होती. बानूच्या वडिलांनी तोवर थोडी मेंढरं ठेवली होती, ती त्यांनी नेली. मेंढरं अनोळखी माणसांना बुजायला लागली म्हणून बानू सोबत गेली. मेंढरं शांत राहावीत म्हणून ती आपली ओवी म्हणत बसली. ती पिक्चरच्या गाणंवाल्या माणसानं ऐकली. त्यानं तिला पुन्हा म्हणायला लावली, टेपवर घेतली, आणि दुसऱ्या दिवशी कडेवर कोकरू देऊन तिला कॅमेऱ्यापुढं उभी केली. आधी चार ओळी बानूच्या, मग पिक्चरची नटी येते आणि पुढचं गाणं तिचं.

मी त्या वेळी तंबूबरोबर करमाळ्याकडे होतो. महिन्यानं घरी आलो, तेव्हा बानूनं मला चहा दिला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

मी म्हणालो, "बघायला कोण कोण हुतं?"

"समदं केंदूर हुतं. माझं आबा हुतं."

"मला इचारायचं तरी."

"इचारायला तुम्ही हुता कुठं?" ती म्हणाली. मग हसायला लागली. "अवं, तुमच्याच पडद्यावर येणार हाय मी. तुम्हीच मला फिरवायचं. नीट फिरवा बरं, डोकं उडवू नका."

मलाही हसू आलं. खरं सांगतो, त्या दिवशी मला राग आला नव्हता.

पिक्चर दोन वर्षांनी लागला. पुण्यात थोडे दिवस चालला. चल म्हटलं तर ती नाही म्हणाली. "तुमच्या तंबूत बघंन. आपल्या गावात. बायांसंगं." मग दरवर्षी जत्रेच्या आधी तिचा एकच प्रश्न असायचा. "आला का माझा पिक्चर?" पार्वतीवहिनी तिला चिडवायच्या, "काय गं नटी, पाणी भरायला येतीस का गाडी पाठवू?" बानू म्हणायची, "गाडीच पाठव. आन् छत्री धराया तू ये."

तो पिक्चर शहाण्णवच्या चैत्रात आला. न्हावऱ्याच्याच जत्रेला. पोपटरावांना बानूचं काही माहीत नव्हतं. स्वस्तात प्रिंट मिळाली म्हणून त्यांनी आणली होती. पेट्या उतरवल्यावर मला म्हणाले, "नुसती गाणीच गाणी हायत ह्यात. पब्लिक झोपंल. तीन शो घ्यायचेत. पंचवीस मिनिटं काढ. तुला कळतंय."

दुपारी मी ट्रकमध्ये एकटाच रिळं घेऊन बसलो. तिसऱ्या रिळात बानू सापडली. फिल्म उजेडाला धरली तर पोस्टाच्या तिकिटाएवढी बानू, तिच्या खाली तशीच बानू, तिच्या खाली परत बानू. कडेवर कोकरू. तोंड उघडं. चाळीस फुटांत फक्त ती. मग नटी. सगळं गाणं पावणेतीनशे फूट. फिल्मच्या कडेला आवाजाची बारीक रेघ असते, नागमोडी. बानू तोंड उघडते तिथं ती रेघ दाट झाली होती. मला तिचा आवाज दिसत होता. ऐकू येत नव्हता.

मी आधी दुसरी गाणी काढली. प्रधानाचं काढलं, दरबारातली दोन काढली, बागेतलं काढलं. मोजलं तर सव्वीस मिनिटं झाली होती. म्हणजे काम झालं होतं. बानूच्या गाण्याला हात लावायची गरज नव्हती. हे मी मुद्दाम लिहितोय. कुणी म्हणेल की मालकानं सांगितलं म्हणून केलं, तर तसं नाही.

मला दोराच्या पलीकडची माणसं दिसायला लागली. दुसऱ्या गावात कोण शिट्टी मारतो ते आपल्याला माहीत नसतं. इथं मला प्रत्येकाचं नाव माहीत होतं. पुतणे, भाचे, माझ्या बरोबरीचे, ज्यांच्याबरोबर मी पारावर बसतो ते. त्यांच्यातला कुणीतरी बानूवर चिल्लर फेकणार. कुणीतरी "पुन्हा लाव" म्हणणार आणि मग सगळे मागं वळून मशीनकडं, माझ्याकडं बघणार. पुढं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं, की बानूची अब्रू राखायला मी ते केलं. तिची अब्रू तिनं केंदूरच्या माळावर वडिलांसमोर उभं राहून राखली होती. मला लाज माझी वाटत होती.

मी ब्लेड घेतलं.

एक गोष्ट ऑपरेटरलाच माहीत असते. फिल्मवर आवाज चित्राच्या थोडा पुढं छापलेला असतो, सव्वा फुटभर. म्हणजे बानूचा पहिला सूर तिच्या चित्राशेजारी नव्हता, त्याच्या आधीच्या डोंगराच्या चित्राशेजारी होता. नवशिका ऑपरेटर चित्र बघून कापतो आणि मग अर्धा सूर मागं राहतो, लोकांना खट्टकन ऐकू येतो. मी नवशिका नव्हतो. मी सव्वा फूट अलीकडं कापलं. तिच्या आवाजाचा ठिपकासुद्धा ठेवला नाही.

दिवेलागण झाल्यावर पहिला शो. बानू पाचवारी नवं पातळ नेसून आली, जांभळं. बरोबर पार्वतीवहिनी आणि वस्तीवरच्या दहाबारा बाया. बारा वर्षांची हर्षदा पण होती. बायकांच्या बाजूला सगळ्यात पुढं बसल्या. येताना बानू ट्रकपाशी थांबली आणि वर मला म्हणाली, "कांड्या नव्या लावल्यात न्हवं?"

मी मान हलवली.

तिसरं रीळ लागलं. डोंगर आला. बानूनं पार्वतीवहिनींचा हात धरलेला मला ट्रकमधून दिसला. डोंगर गेला आणि एकदम राजवाडा आला. माझा जोड चांगला बसला होता, पडद्यावरचं चित्र हललंही नाही. बानू तशीच बघत राहिली. मग तिनं मागं वळून मशीनकडं बघितलं. मी कांड्यांकडं बघितलं. थोड्या वेळानं तिनं परत बघितलं. मी कांड्यांकडंच बघत होतो. तिसऱ्यांदा तिनं बघितलं नाही.

शो सुटेपर्यंत ती बसून राहिली. मध्ये उठली असती तर बरं झालं असतं.

बाहेर पडताना बायांनी तिला सोडलं नाही.

"काय गं, कुठल्या मेंढरामागं लपली हुतीस?"

"मला वाटलं ती राणीच बानी हाय. पावडर लावल्यावं वळखू येईना."

पार्वतीवहिनी म्हणाल्या, "थापाडी हायेस निस्ती. पाच वरीस आमाला खुळं केलंस."

बानू त्यांच्याबरोबर हसत गेली. मी ट्रकमधून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आलो. तिनं ताट वाढलं.

"माझं आलंच न्हाई," ती म्हणाली.

मी म्हणालो, "कंपनीनं कापलं असंल. त्यांना जे पसंत पडत न्हाई ते ती कापत्यात."

"पसंत न्हाई पडलं?"

"मला काय म्हाईत. असंल तसंच."

तिनं भाकरीची टोपली पुढं ओढली. मग म्हणाली, "आवाज खराब आला असंल. मला तवा पडसं हुतं." आणि माझ्या ताटात दुसरी भाकरी वाढली.

तिनं माझ्यावर संशय घेतला असता तर मी कदाचित बोललो असतो. तिनं पडशावर घातलं.

त्यानंतर ती गायची बंद झाली. आधी लग्नात हळदीला, जात्यावर, खुरपताना, कुठंही तिला बोलवायचे. नंतर कुणी म्हणालं "बानू, म्हण गं," की ती म्हणायची, "माझा आवाज कंपनीनं नापास केलाय बाई. तुम्हीच म्हणा." लोक हसायचे. ती पण हसायची. आठ वर्षांत मी तिला घरात एकटी असतानासुद्धा गाताना ऐकलं नाही.

प्रिंट परत करताना मी बाकीची गाणी जागच्या जागी जोडली. बानूचं जोडलं नाही. का, ते सांगता येत नाही. पुढच्या गावातला ऑपरेटर ते लावेल आणि न्हावऱ्याचं कुणीतरी तिथं ते बघेल, अशी भीती असेल. म्हणजे न्हावऱ्यातूनच नाही, ती प्रिंट जिथं जिथं गेली तिथून मी तिला काढून टाकलं. तुकडा बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून माझ्या ट्रंकेत तळाशी ठेवला. फेकवला नाही. बानू दर दिवाळीला ती ट्रंक पुसायची. तिनं कधी डबा उघडला का, मला माहीत नाही.

दोन हजार एकला पोपटरावांनी तंबू विकला. घरोघरी केबल आली होती. मी कोरेगावच्या कंपनीत वॉचमन लागलो.

तेरावा झाल्यावर हर्षदा मला दौंडला घेऊन गेली. जाताना मी ट्रंकेतला डबा पिशवीत घातला. दौंडला स्टेशनच्या बाजूला एक जुनं थेटर आहे. तिथला ऑपरेटर ज्ञानदेव माझा जुना ओळखीचा, कांड्या लावायला आम्ही एकाच उस्तादाकडे शिकलो. सकाळी दहाला मी त्याच्याकडे गेलो. मशीनच्या खोलीत त्यानं डब्याचं झाकण काढलं आणि तोंड मागं घेतलं. आंबूस वास आला.

"बिरदेव, ही चाललीय," तो म्हणाला. "आकसलीय बघ. भोकं पण फाटायला लागल्यात. काय हाय हे?"

"माझ्या मंडळींचं गाणं हाय."

त्यानं फिल्मचं टोक उजेडाला धरलं. बराच वेळ बघितलं. मग मी त्याला सगळं सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी. त्यानं मला दोष दिला नाही. ऑपरेटर माणूस, त्यानंही किती गाणी गाळली असतील.

"एकदा जाईल मशीनमधून," तो म्हणाला. "मी पुढं-मागं कोरी फिल्म जोडतो, हळूच नेतो. दुसऱ्यांदा जाईल का, ते मला सांगता येणार न्हाई. आत्ता लावू का? पडदा मोकळाच हाय. तू खाली जाऊन बस."

मी जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलोही. बानूचं ते गाणं मी कधी ऐकलेलं नाही. पडद्यावर ती कशी दिसते ते बघितलेलं नाही. पण एकदाच जाणार असेल तर ते बघायचा हक्क माझा नाही, एवढं मला कळलं. ज्या बायांना ती बसवून दाखवणार होती त्यांचा तो होता. मी वर आलो आणि नको म्हणालो.

ज्ञानदेव म्हणाला, "मग बायांना घिऊन ये. मॅटिनीच्या आदी कवाबी ये. पर येळ लावू नगंस. तीस मेला थेटर बंद व्हतंय. मालक मशीन भंगारात घालणार हाय, हितं लग्नाचा हॉल बांधायचाय."

डबा मी त्याच्याकडेच ठेवला.

त्या दुपारी हर्षदाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. ऐकताना तिचे हात थांबले नाहीत. सगळं झाल्यावर म्हणाली, "मी शाळंत असताना पोरी मला काय म्हणायच्या म्हाईताय? थापाडीची पोर. मी घरी यिऊन आईशी भांडायचे. का खोटं बोललीस म्हणून." तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती उतरवून तशीच बाजूला ठेवली. संध्याकाळी म्हणाली, "पार्वतीकाकूंना तुम्ही सांगायचं, आप्पा. मी सांगणार न्हाई. आन् माझ्यासाठी जागा धरा, मी पुढं बसणार हाय."

मागच्या रविवारी मी न्हावऱ्याला गेलो. पार्वतीवहिनी अंगणात कांदा निवडत होत्या. मला बघून त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी पोत्यावर बसलो. सांगायचं कसं ते मी गाडीत ठरवून आलो होतो. आधी पिक्चरचं विचारायचं आणि मग मागचं सांगायचं.

"वहिनी, एक दिवस दौंडला येता का? पिक्चरला."

त्यांनी हातातला कांदा खाली ठेवला. "पिक्चरला? भावजी, डोकं ठिकाणावं हाय न्हवं? बायकू जाऊन दोन म्हैनं न्हाई झालं आन् पिक्चर? लोक शेण घालतील तोंडात."

"तसा पिक्चर न्हाई. बानूच्या त्या..."

"तिच्या पिक्चरचं नाव काढू नका बाई." त्यांचे डोळे भरले. "मीच लई बोलले तिला. थापाडी म्हणाले, चार बायांत. पर भावजी, माणूस हौसंपायी बोलतं कायबाय. तिला वाटलं आसंल आपून दिसावं. मी तवाच मनातनं काढून टाकलं. तिला जिपीतनं उतरवली न्हवं, तवा मी तिच्या कानात सांगितलं, बाने, तुझं ते खोटं मी माफ केलं, तू सुखानं जा."

सून चहा घेऊन आली. पार्वतीवहिनींनी डोळे पुसले आणि कप माझ्यापुढं सरकवला. "घ्या. साखर जास्त न्हाई ना झाली?"

मला तोंड उघडायचं होतं. एक वाक्य पुरे होतं. ते गाणं मी कापलं. चार शब्द. पण ते बोललो असतो तर त्यांनी मयताच्या कानात सांगितलेलं परत घ्यावं लागलं असतं, आणि गावात थापाडा कोण ते त्या दिवसापासून सगळ्यांना कळलं असतं. पहिलं कारण मी स्वतःला सांगितलं. खरं कारण दुसरं होतं. माझ्या बायकोला माझ्या खोट्याची माफी मिळाली आणि मी समोर बसून चहा प्यालो.

"न्हाई, बराबर हाय," मी म्हणालो.

त्यांनी पिशवीभर कांदे दिले, हर्षदासाठी. ते घेऊन मी दौंडच्या गाडीत बसलो. हर्षदानं दार उघडलं, कांदे बघितले, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पिशवी घेऊन आत गेली.

काल ज्ञानदेव भेटला. त्यानं फिल्मच्या पुढं-मागं कोरी फिल्म जोडून ठेवली आहे, फाटलेली भोकं पट्टी लावून सांधली आहेत. कधी येतोस, म्हणाला. मी दोन-चार दिवसांत म्हणालो.

आज बावीस मे आहे. थेटर तीस तारखेला बंद होतं. पार्वतीवहिनींना मी अजून सांगितलेलं नाही.